भरलेलं पिंप कोण उचलणार?

मैत्रिणींनो, घरात नवं यंत्र आलं की आपण आधी त्याची किंमत विचारतो, मग ते विजेला किती खातं हे विचारतो, आणि वॉरंटीचा कागद घडी घालून कपाटात ठेवतो. एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. यंत्राचं काम संपलं की उरलेलं काम कुणाच्या वाट्याला येणार? मिक्सर चटणी वाटून देतो खरा, पण पात्यांखाली अडकलेलं खोबरं कोण उकरून काढतं, ते तुम्हांला सांगायला नको!

आज सांगणार आहे ते फरशीवरचं पाणी ओढून घेणाऱ्या यंत्राबद्दल. सुका केर आणि पाणी, दोन्ही ओढणारा व्हॅक्युम क्लीनर आता पुष्कळ घरांत दिसतो. पनवेलसारख्या गावात त्याचा उपयोग केवळ गालिचे झाडण्यापुरता नाही. माथेरानच्या डोंगरात उगम पावणारी आमची गाढी नदी पुढं पनवेलच्या खाडीला मिळते. डोंगरावर पाऊस कोसळत असतो आणि त्याच वेळी खाडीला भरती असते, तेव्हा पाण्यानं जायचं कुठं? ते गटारांतून मागं फिरतं आणि सखल भागातल्या तळमजल्यांत शिरतं. २६ जुलै २००५ चा पाऊस आठवतो ना? सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, आणि त्याच पावसात गाढीनं पनवेलची दैना केली. तसा प्रलय रोज येत नाही. पण बोट-दोन बोटं पाणी उंबऱ्याच्या आत येणं, मोरीतून उलटं चढणं, जुन्या भिंतीच्या पायातून झिरपणं, हे आमच्याकडं दर पावसाळ्याचं.

पूर्वी हे पाणी सुपलीनं बादलीत भरायचं आणि फडक्यानं पिळायचं. यंत्र आल्यावर शेजारपाजारचे म्हणाले, "आता काय, तुमची चैन आहे!" पण जरा हिशेब करून बघा. दहा फूट बाय बारा फुटांची एक खोली आणि तीत फक्त इंचभर पाणी. ते होतं जवळजवळ २८० लिटर. यंत्राचं पिंप वीस लिटरचं असलं, तरी काठोकाठ भरत नाही. पंधराएक लिटर झालं की थांबतं. म्हणजे एका खोलीसाठी एकोणीस-वीस वेळा यंत्र बंद करायचं, वरचं डोकं काढायचं, पिंप उचलायचं, मोरीत ओतायचं आणि पुन्हा सगळं बसवायचं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. पिंपाचं वजन वेगळंच. पाणी ओढायचं काम यंत्रानं घेतलं, वाहायचं काम आपल्याकडंच राहिलं.

आमच्या घरात हा प्रश्न नुसत्या कंटाळ्याचा नव्हता. माझ्या मणक्याची गादी सरकलेली आहे आणि डॉक्टरांनी जड उचलायला साफ मनाई केलीय. घरातली पुरुषमंडळी मुंबईला नोकरीला. ज्या दिवशी पाणी घरात येतं, नेमक्या त्याच दिवशी गाड्याही अडकलेल्या असतात. राहता राहिल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. मी नळी फिरवीत असले की त्या पिंपाला हात घालायच्या. "आई, तुम्ही राहू द्या हो," म्हटलं की म्हणायच्या, "अगं, तुझ्यापेक्षा माझी कंबर जुनी. तिला सवय आहे." ओल्या फरशीवर, हातात पंधरा किलो पाणी आणि पायात जुनी चप्पल. पाय घसरला असता तर त्या यंत्राची किंमत काय झाली असती, याचा विचार मी रात्री अंथरुणात करायची.

म्हणून यावर उपाय शोधायचं ठरवलं. आमच्या आळीत मोटारी गुंडाळून देणारे एक कारागीर आहेत. त्यांना विचारलं, "भरलेलं पाणी यंत्रानं आपलं आपण बाहेर फेकलं तर?" त्यांनी पिंप उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "होईल, वहिनी. पण आधी हे चालतं कसं, ते समजून घ्या."

तेच मी तुम्हांला सांगते. यंत्राच्या डोक्यातला पंखा पिंपातली हवा बाहेर काढतो, आत हवा विरळ होते, आणि बाहेरची हवा ती जागा भरायला नळीतून धावते. येताना ती पाणी घेऊन येते. पाणी जड, ते तळाशी पडतं. हवा पंख्यातून निघून जाते. पाणी वर चढलं की आतला तरंगता चेंडू हवेची वाट बंद करतो, मोटरचा आवाज चिरका होतो आणि ओढणं थांबतं. आपल्या संडासाच्या टाकीतल्या बॉलकॉकचाच तो भाऊबंद म्हणा ना!

आता पिंपाच्या तळाशी एक छोटा, पाण्यात बुडून चालणारा पंप ठेवायचा आणि त्याची नळी पिंपाच्या भिंतीतून बाहेर काढून मोरीत सोडायची. ऐकायला सोपं. पण यात तीन मेखा आहेत.

पहिली मेख पंपाची ताकद. कुलरमधला पंप लावावा, असं कुणालाही सुचेल. तो पाणी पाच-सहा फूट चढवतो. पण यंत्र चालू असताना पिंपातली विरळ हवा पाणी आत धरून ठेवते. घरगुती यंत्राची ही ओढ दीड-दोन मीटर उंचीच्या पाण्याइतकी असते. कुलरच्या पंपाची सगळी ताकद त्या ओढीशी झगडण्यातच संपते. तेव्हा पाच-सहा मीटर पाणी चढवील असा पंप घ्यायचा. ही उंची पंपावर 'हेड' म्हणून लिहिलेली असते.

दुसरी मेख उलट्या हवेची. पंप थांबला की मोरीत सोडलेल्या त्याच नळीतून बाहेरची हवा पिंपात शिरते आणि यंत्राची ओढ कमी होते. त्यासाठी नळीवर एकाच दिशेनं उघडणारा नॉनरिटर्न व्हॉल्व्ह हवा. नव्या मुंबईत सिडकोनं बांधलेले धारण तलाव तुम्ही पाहिले असतील. खाडीला भरती आली की त्यांची झडपं पाण्याच्या दाबानं मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, आणि ओहोटीला झडपं उघडून ते खाडीत निघून जातं. तीच युक्ती इथं मुठीएवढी करायची. नळी आणि वायर जिथून बाहेर येतात तिथं रबरी वायसर आणि एम-सील लावून भोकं घट्ट बुजवायची. गॅस्केट सैल झालेला कुकर शिटी देत नाही, तसंच हे.

तिसरी मेख पंपाच्या चालू-बंद होण्याची. एकाच पातळीला तो चालू आणि बंद व्हायला लागला, तर दर दहा सेकंदांनी गचके खाईल आणि लवकर जळेल. म्हणून दांडीवर वर-खाली सरकणारा फ्लोट स्विच घेतला, त्याला वर एक आणि खाली एक असे दोन अडथळे. पाणी वरच्या खुणेला लागलं की पंप सुरू, खालच्या खुणेला आलं की बंद. खालची खूण पंप बुडालेला राहील इतकी उंच हवी, कारण कोरडा फिरला की तो गेलाच. वरची खूण यंत्राच्या मूळ चेंडूच्या बरीच खाली हवी. तो चेंडू मात्र काढायचा नाही. उद्या पंप बिघडला तर तोच यंत्राला वाचवणार.

पुराच्या पाण्यात गाळ असतो, पानं असतात, केस असतात. पंपाच्या तोंडाला कांद्या-बटाट्याच्या पिशवीची बारीक जाळी दुहेरी बांधली की चोंदत नाही. आणि सुका केर झाडतानाची कागदी किंवा कापडी पिशवी पाणी ओढण्याआधी काढायलाच हवी.

हे सगळं वाचून पाना-पक्कड घेऊन स्वतः बसू नका हं. पाणी आणि वीज एकत्र आली की तिथं हौस चालत नाही. जोडणी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. विजेची गळती ओळखून प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच, ज्याला ते आरसीसीबी म्हणतात, तो घरात असल्याशिवाय हे यंत्र ओल्या फरशीवर चालवूच नका. त्याचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. जोडबोर्ड जमिनीवर नको, खुंटीला उंच टांगा. पायात रबरी चप्पल घाला. पाणी भिंतीतल्या प्लगपर्यंत चढलं असेल, तर यंत्राचं नावच काढू नका. कोरड्या जागेवरून मेन स्विचला हात पोचत असेल तर तो बंद करा. नसेल तर पाण्यात पाऊल न टाकता वीज कंपनीला कळवा. रॉकेल किंवा पेट्रोल मिसळलेलं पाणी कधीही ओढू नका, ठिणगीनं भडका उडेल. नदीच दारात आली असेल, तर वस्तू नाही, माणसं वर न्यायची. हे यंत्र पूर हटवायचं नाही, पूर ओसरल्यावर उरलेलं पाणी काढायचं आहे. पिंपाला भोक पाडलं की वॉरंटीही संपते, हेही ध्यानात असू द्या.

ज्यांना एवढा खटाटोप नको असेल, त्यांच्यासाठी स्वस्त वाट आहे. नवं यंत्र घेतानाच पिंपाच्या तळाला तोटी किंवा बूच आहे का, ते बघा. ओढायची नळी लांब घ्या, यंत्र मोरीच्या कठड्यावर ठेवा, आणि पिंप भरलं की मोटर बंद करून तोटी सोडा. थांबावं लागतं, पण उचलावं लागत नाही. आतच पंप बसवलेली यंत्रंही मिळतात. किंमत जास्त, पण वॉरंटी शाबूत राहते.

एक जुनी गोष्ट सांगते. १९०७ साली अमेरिकेत कँटन गावच्या एका दुकानात केर काढणारा जेम्स स्पँगलर नावाचा माणूस होता. धुळीनं त्याला दम्याचा त्रास व्हायचा. त्यानं पंख्याची मोटर, साबणाचं खोकं, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एवढ्यावर केर ओढायचं यंत्र केलं आणि १९०८ साली त्याचं पेटंट मिळवलं. केर ज्याच्या छातीत जात होता, त्यालाच ते सुचलं. वजन ज्याच्या कमरेवर येतं, त्यानंच सांगायला हवं की अमुक ठिकाणी दुखतं. आपण मात्र "चालायचंच" म्हणून पिंप उचलतो. घरच्यांना वाटतं, यंत्र आहे, म्हणजे काम संपलं. त्यांचं काय चुकलं? आपण सांगितलंच नाही ना!

आता आमच्याकडं पाणी आलं की मी नळी फिरवते, मोरीत आपोआप धार पडत राहते आणि सासूबाई पाटावर बसून धार नीट पडतेय की नाही यावर देखरेख करतात. "थांबली गं, बघ जरा!" एवढंच त्यांचं काम, पण ते त्या मोठ्या तत्परतेनं करतात.

तुम्ही असं काही करून घेतलंत, तर मृग लागायच्या आधी एक दुपार त्याला द्या. यंत्राचा प्लग काढून पिंपात दोन बादल्या स्वच्छ पाणी ओता, मग नुसता पंप जोडा. वरच्या खुणेला सुरू झाला, खालच्या खुणेला थांबला, मोरीत धार पडली आणि भोकांपाशी बोट फिरवून कोरडं लागलं, म्हणजे सगळं ठीक. जाळी धुऊन वाळवा आणि यंत्र हाताशी येईल अशा जागी ठेवा. माळ्यावर नको, पाणी येईल तेव्हा ते खाली उतरवायलाही पुन्हा आपल्यालाच चढावं लागेल!