रंधा जिथे टेकत नाही

नवा रंधा डब्यातून काढला आणि लाकडावर चालवला, असं होत नाही. परवडणाऱ्या किमतीतला लोखंडी रंधा डब्यातून निघतो तेव्हा गंजू नये म्हणून तेलाने माखलेला असतो, त्याच्या पात्याला नावापुरती धार असते आणि तळ सपाट दिसतो, पण असतोच असं नाही. पुढचं काम विकत घेणाऱ्याने करायचं. ते काम कंपनीने करून दिलेले रंधेही मिळतात, पण त्यांची किंमत कित्येक पट असते.

लोखंडी रंध्याचा आराखडा मात्र जवळपास सगळीकडे एकच. लिओनार्ड बेली या अमेरिकन कारागिराने तो बसवला आणि १८६९ मध्ये स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने त्याची पेटंटं घेतली. तेव्हा ठरलेले नंबर अजून चालतात. माझा रंधा चार नंबरचा: साधारण साडेनऊ इंच लांब, पातं दोन इंच रुंद, ४५ अंशांत झोपलेलं. पातं ज्या तिरक्या तुकड्यावर टेकतं त्याला इंग्रजीत चक्क बेडूक म्हणतात. पातं खालीवर करायला मागे एक चाक असतं. आपल्याकडच्या लाकडी रंध्यात हेच काम पाचर आणि हातोडीची टिचकी करते.

हे सगळं मी शिकले ते एका फळीमुळे. आजीचं गावचं घर विकलं गेलं तेव्हा भांडी, कपाटं, देवघर वाटलं गेलं. झोपाळ्याची सागवानी फळी कुणालाच नको होती, म्हणून ती पुण्याला माझ्याकडे आली. भाड्याच्या फ्लॅटमध्ये छताला कड्या नाहीत. तेव्हा तिचं बाकडं करायचं ठरलं.

सोसायटीत फर्निचरचं काम करणाऱ्या सुतारकाकांना ती दाखवली. त्यांनी नख मारून पाहिलं, उलटीपालटी केली.

"माल चांगलाय, ताई. पण मी मशीन लावणार. एका फेरीत मिलीमीटर-दीड मिलीमीटर जाईल. हा खळगा निघून जाईल, एकदम प्लेन होईल."

"हातरंधा नाही मारत तुम्ही?"

"आता प्लायवर रंधा कुठे मारणार?" ते हसले. "माझा गावाला माळ्यावर पडलाय."

संध्याकाळी आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "खळगा गेला तर फळी आणलीस कशाला?"

खळगा फळीच्या उजव्या बाजूला होता. आजी तिथे बसायची, तिच्या आधी तिची सासू. कॉलेजातल्या व्हर्नियरने आणि स्टीलच्या पट्टीने मोजला, तर सगळ्यात खोल जागी २ मिमी भरला. म्हणजे मला अशी वस्तू हवी होती जी वरचा काळा, चिवट थर काढेल आणि किती काढायचं ते माझ्या हातात ठेवेल.

सुरुवात तळापासून. बिडाचं ओतकाम थंड होताना आत ताण अडकून राहतात. ते हळूहळू सुटतात तसा कारखान्यात सपाट केलेला तळ किंचित वाकू शकतो. मार्बलच्या दुकानातून ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा आणला, पट्टी लावून तो सपाट असल्याची खात्री केली आणि त्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला. तळावर मार्करने आडव्या रेघा मारल्या आणि रंधा घासायला लागले. जिथली रेघ पुसली जाते तो उंचवटा, जिथली राहते तो खोलगा. हे करताना पातं आत ओढून घ्यायचं, पण काढायचं नाही. पातं दाबून धरणाऱ्या पट्टीच्या ताणाने तळाचा आकार किंचित बदलतो, आणि आपल्याला तळ सपाट हवाय तो काम करतानाचा. सगळा तळ आरशासारखा व्हायचीही गरज नसते. पुढचं टोक, पात्याच्या फटीच्या लगेच पुढची जागा आणि मागचं टोक, हे तिन्ही एका पातळीत आले की पुरे. माझ्या रंध्यात फटीपुढची रेघ सगळ्यात शेवटी पुसली गेली. दोन संध्याकाळी गेल्या. मग १२० आणि २२० नंबर.

बेडकाच्या तोंडावर रंगाचे थेंब वाळले होते. ते कानशीने काढले. पातं पूर्ण टेकलं नाही तर थरथरतं आणि लाकडावर बारीक लाटा उठतात.

पात्याची धार ही दोन पृष्ठभागांची भेट असते. त्यामुळे उताराची बाजू कितीही घासली आणि पाठ तशीच खरबरीत राहिली, तर धारही खरबरीतच. पाठीचा धारेलगतचा सेंटिमीटरभर भाग दगडावर चकचकीत केला. उतार २५ अंशांचा होता, त्याच्या टोकाला ३० अंशांची बारीक कड दिली. आधी १००० नंबरचा पाण्याचा दगड, मग ६०००. एका बाजूने पुरेसं घासलं की दुसऱ्या बाजूला पोलादाची केसाएवढी पत्री उलटते. ती डोळ्यांना दिसत नाही, पाठीवरून धारेबाहेर बोट सरकवलं की लागते. लागली की समजायचं, दगड धारेच्या टोकापर्यंत पोचला. मग पाठीकडून हलकेच घासून ती काढायची.

शेवटी पात्यावर बसणारी दुसरी पट्टी. तिची कड पात्याला फट न ठेवता चिकटायला हवी, नाहीतर त्या फटीत छिलके अडकून रंधा तुंबतो. ही कड धारेच्या जितकी जवळ, तितका छिलका लवकर मोडतो आणि उलट्या रेषांचं लाकूड उपटलं जात नाही. मी ती अर्ध्या मिलीमीटरच्याही आत आणली.

फळीच्या खालच्या बाजूने सुरुवात केली. पहिला नीट छिलका निघाला तो फटीतून गुंडाळत वर आला. त्यातून खिडकी दिसत होती. छपाईचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, हा त्याच्या निम्म्याने.

मग फळी पालथी केली. सपाट तळाचा रंधा उंचवट्यांवरून चालतो, खळग्यावरून तो पूल टाकल्यासारखा पलीकडे जातो. त्यामुळे कडेचं लाकूड उजळत गेलं आणि खळगा मधे काळा राहिला. त्याची कड आधी कधी इतकी स्पष्ट दिसली नव्हती. पट्टीने मोजताना तो नुसता आकडा होता. आता बसलेल्या माणसाचा आकार दिसत होता, एका कुशीकडे थोडा जास्त कललेला. जमिनीला पायाने रेटा देताना आजी त्या कुशीवर भार टाकायची.

हिशोब सोपा होता. एका हाताला ०.०५ मिमी, म्हणजे चाळीस हात मारले की २ मिमी संपले. ऑफिसात मी काहीही बदललं तरी आदल्या आवृत्तीवर परत जाता येतं. निघालेला छिलका परत बसवता येत नाही. आणि मशीनने हे दोन फेऱ्यांत झालं असतं, मधे कुठे थांबायचं याचा विचार करायलाही वेळ न मिळता.

सगळीकडून सहा हात मारले आणि थांबले. कडेला दोन-तीन काळे डाग अजून होते, ते ठेवले. खळग्यातला मळ पोलादी पत्र्याच्या गोल कडेने खरवडला आणि फळीला जवसाचं तेल लावलं.

खळगा आता १.७ मिमी आहे. मागच्या महिन्यात आई आली होती, बाकड्यावर बसून मेथी निवडत होती. ती डाव्या बाजूला बसते.