खारी माती

इद्दतीचे चार महिने दहा दिवस मी घरातच होते. ज्या घरात अठरा वर्षे राहिले, ते घर मी त्या दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिले. त्याआधी घर म्हणजे सकाळी डबे भरून निघायचे आणि संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन परतायचे ठिकाण. मी लोणारला उर्दू शाळेत मराठी शिकवते. मुलांचे अब्बू जानेवारीच्या शेवटी गेले. फजरची नमाज पढून चहा घेतला, छातीत दुखते म्हणाले, आणि मेहकरच्या रस्त्यावर सुलतानपूर यायच्या आत सगळे संपले. अर्धवेतनी रजेला उन्हाळ्याची सुट्टी जोडून मी इद्दत पूर्ण केली.

भेटायला येणाऱ्या बायका माजघरात बसत. मी भिंतीला टेकून बसे. उठले की ओढणीला मागून पांढरी भुकटी लागलेली असे. रंगाचे पोपडे सुटले होते, खालचा गिलावा फुगला होता आणि जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत ओल चढली होती. मराठीत याला भिंतीला लोणा लागणे म्हणतात. लोण म्हणजे मीठ, क्षार. आमच्या गावाचे नावही त्याच मिठाचे. कोणी ते लवणासुराच्या कथेशी जोडतात, पण त्या कथेच्या मुळाशीही खारे पाणीच आहे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त लोणारची नोंद केली तीही इथे काच आणि साबणासाठी लागणारे क्षार मिळतात म्हणून. उल्का पडून झालेल्या त्या खड्ड्यातले पाणी बघायला जगभरचे लोक येतात. आमच्या माजघरातला क्षार मात्र मी अठरा वर्षांत पाहिला नव्हता. खरे सांगायचे तर पाहिला होता, पण त्याच्याकडे लक्ष द्यायचे नव्हते.

कारण ते सिमेंट माझ्या हट्टामुळे लागले होते.

आमचे घर धाब्याचे. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि पाट, त्यावर मातीचा जाड थर. भिंती दगडमातीच्या, हातभर रुंद. लग्न होऊन आले तेव्हा मला त्या घराची लाज वाटे. माझ्या मैत्रिणींची घरे स्लॅबची होती, गुळगुळीत भिंतींची. इथे भिंतीला हात लावला की माती हाताला येई. २०१२ मध्ये मी पतसंस्थेचे कर्ज काढून आतून सगळीकडे सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि त्यावर ऑईलपेंट लावला. मुलांचे अब्बू एवढेच म्हणाले होते, "मातीला सिमेंट मानवणार नाही." मी म्हणाले, "तुम्हाला खर्च नको आहे, म्हणून सांगता." ते गप्प बसले. दोन पावसाळ्यांतच भिंतीला घाम येऊ लागला. मी रंगवाल्याला दोष दिला. त्यांनी कधी 'मी सांगितले होते' म्हटले नाही. आता त्यांना 'तुमचे बरोबर होते' असे सांगायची सोय उरली नव्हती.

इद्दत संपल्यावर घराचा विषय निघाला. जालन्याचे माझे दीर आले. शरीयतप्रमाणे घरात अम्मींचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, सहावा हिस्सा, माझा आठवा, आणि बाकीचे मुलगा आणि मुलगी यांचे, दोनास एक या प्रमाणात. दिरांचा त्यात हिस्सा नव्हता. ते काळजीपोटीच बोलत होते. म्हणाले, "भाभी, हे पाडून टाका. खाली दोन खोल्यांवर स्लॅब टाकू. किल्लारी विसरलात का?"

किल्लारी कोण विसरेल? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, ती बहुतेक अशाच दगडमातीच्या भिंतींखाली आणि मातीच्या छपरांखाली. मी तेव्हा शाळेत होते. शाळेत मदतीसाठी कपडे आणि धान्य गोळा केल्याचे आठवते. त्यामुळे मी दिरांना लगेच नाही म्हटले नाही. ओळखीच्या एका अभियंत्यांना घर दाखवले. त्यांनी खांबांना ठोकून पाहिले, धाब्यावर चढून टिकावाने एक खड्डा केला आणि त्यात पट्टी धरली. माती जवळजवळ दीड हात जाड होती.

ते म्हणाले, "तुमच्या घराचे वजन भिंतींवर नाही, खांबांवर आहे. ही चांगली गोष्ट. पण इतकी माती कशाला चढवली? दरवर्षी गळते म्हणून नवा थर टाकत गेलात, जुना काढला नाही. भूकंपात हे वजनच माणसाला मारते. आधी छप्पर हलके करा. मग भिंतीतले सिमेंट काढा, ते भिंतीला आतून कुजवते आहे. भिंत जिथे फुगली आहे तिथे आरपार जाणारे लांब दगड घाला."

स्लॅबचा अंदाज माझ्या आवाक्याबाहेर होता. मुलगा बारावीला होता. त्याच्या पुढच्या शिक्षणाला हात लावायचा नव्हता. पण खरे कारण पैसे नव्हते. त्या चार महिन्यांत मी एकही काम धड केले नव्हते. लोक मला सब्र करायला सांगत होते आणि मी बसून राहण्यालाच सब्र समजत होते. सब्र हातांनीही करता येतो हे मला माहीत नव्हते.

पावसाळा धाब्यावर ताडपत्री घालून काढला. दिवाळीच्या सुट्टीत छन्नी आणि हातोडा घेतला. पहिल्या दिवशी दोन तासांत परातीएवढा तुकडा निघाला आणि हाताला फोड आले. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "मास्तरीण बाई, मजूर लावा की. लोक काय म्हणतील?" मी हसून वेळ मारून नेली. पण रात्री विचार केला. वर्गात मी मुलांना शिकवते की मदिन्यात मस्जिद-ए-नबवी बांधली जात असताना प्रेषित हजरत मुहम्मद (स.) सहाबांसोबत स्वतः विटा वाहत होते, घरात आपली पादत्राणे स्वतः सांधत होते. मुलांना हे सांगायचे आणि स्वतः घमेले उचलायला लाजायचे, हे जमणारे नव्हते.

सिमेंट निघत गेले तसे खालचे कळत गेले. मातीची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि ती हवेत सोडून देते. वर सिमेंट आणि ऑईलपेंट बसला की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती आतच साठते, वर चढते, माती भुसभुशीत करते. जिथे सुकायला थोडी जागा मिळते तिथे पाण्यातले क्षार जमतात, त्यांचे कण मोठे होतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. तोच लोणा. काही ठिकाणी सिमेंटच्या पापुद्र्याआड माती इतकी सुटली होती की हात घातला तर मूठभर बाहेर यावी. बाहेरून भिंत गुळगुळीत होती.

अम्मी हे सगळे खाटेवर बसून पाहत होत्या. मुलाच्या मयतीनंतर त्या माझ्याशी कामापुरते बोलत. मीही तशीच. एकाच माणसासाठी दोघी रडत होतो, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

डिसेंबरच्या एका रविवारी मी कोठीमागचा कोपरा फोडत होते. तिथे गवंड्याने जुनी माती न खरवडताच वरून सिमेंट मारले असावे. मोठा पोपडा एकदम सुटून पडला आणि खाली जुना लिंपलेला भाग जसाच्या तसा निघाला. त्यावर बोटांच्या चार-चार रेघा होत्या, कमानीसारख्या, एकीवर एक. मी अम्मींना हाक मारली. त्या आल्या, चष्मा नीट केला आणि आपला हात त्या रेघांवर ठेवला. बोटे आता वाकडी झालीत, तरी रुंदी जुळली.

"हा माझा हात आहे," त्या म्हणाल्या. "त्या साली तो पोटात होता. सातवा महिना. सासू नको म्हणत होती, पण ईद जवळ आली होती."

मग माझ्या तोंडून निघून गेले. "अम्मी, सिमेंट माझ्या हट्टामुळे लागले. ते नको म्हणत होते."

"मला माहीत आहे," अम्मी म्हणाल्या. "त्याने मला विचारले होते. मीच म्हणाले, दुल्हनला नवे घर हवे आहे, करू दे. घर खराब झाले तर दुरुस्त होईल."

आम्ही दोघी तिथेच मातीत बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. असरची अजान झाली तेव्हा उठलो. मी म्हणाले, हा कोपरा असाच ठेवू. अम्मींनी मान हलवली. "भिंत उघडी ठेवायची नसते. लिंप वरून."

दुसऱ्या दिवसापासून कामाची सूत्रे अम्मींकडे गेली. भिंतीतून निघालेली माती चाळून घेतली, तिच्यात गव्हाचे कुटार मिसळले आणि अंगणात खड्डा करून ती आठ-दहा दिवस भिजत ठेवली. रोज मुलगी आणि मी ती पायाने तुडवायचो. कुटार मुरले की माती चिकट होते आणि वाळताना तडकत नाही. एका म्हाताऱ्या गवंडी चाचांनी फुगलेल्या भागात लांब दगड बसवून दिले आणि एका तुळईचे सडलेले टोक कापून जुन्या सागाचा तुकडा जोडला. लिंपण मात्र आम्हीच केले. आधी माझा थर भिंतीवरून घसरून पडे. अम्मी म्हणत, "थापू नकोस, दाब. भिंत आधी ओली कर, कोरडी भिंत पाणी ओढून घेते." वर कळीच्या चुन्याची सफेदी दिली. चुना विझवताना तो उकळी आल्यासारखा फुटतो. मी हातमोजे घातले नाहीत आणि दोन बोटांची कातडी गेली. वाचक भगिनींनी ही चूक करू नये, डोळेही सांभाळावेत.

मे महिन्यात धाबे उतरवले. फजरनंतर सुरुवात, ऊन चढायच्या आत बंद. पिढ्यांची माती आम्ही घमेल्याघमेल्याने खाली आणली. मुलगा परीक्षेतून मोकळा झाला होता, तोही आला. वीतभर थर ठेवायचा असे अभियंत्यांनी सांगितले होते. त्याहून जास्त एक घमेलेही ठेवले नाही.

सर्वांत वर टाकायची ती खारी माती. सरोवराचा परिसर अभयारण्य आहे, तिथली माती उचलता येत नाही आणि उचलूही नये. पण आमच्या वावराच्या टोकाला थोडा खारवट तुकडा आहे. तिथे ज्वारी कधी गुडघ्याच्या वर गेली नाही. अम्मींनी माती जिभेवर ठेवली, थुंकली आणि म्हणाल्या, "हीच."

मुलीला ते पटेना. तिने प्लास्टिकच्या दोन बाटल्या कापल्या, तोंडाला कापड बांधून उलट्या टांगल्या. एकीत बागेतली माती, दुसरीत खारी माती, दोन्हींत एकेक पेला पाणी. बागेच्या मातीतून पाणी थोड्याच वेळात ठिबकू लागले. खाऱ्या मातीवर ते संध्याकाळपर्यंत तसेच उभे होते. त्यामागचे कारण असे की या मातीत सोडियमचे क्षार असतात. पाणी पडले की त्यांच्यामुळे मातीचे बारीक कण सुटे होतात आणि मातीतली छिद्रे बुजवून टाकतात. पाणी खाली उतरतच नाही. शेतात पीक येत नाही ते त्याचमुळे, आणि धाबे गळत नाही तेही त्याचमुळे. सासरे त्या तुकड्याला निकामी म्हणत, पण तो विकला कधी नाही. का, ते मला आता कळले.

माती पसरली, पाणी शिंपडले, लाकडी चोपणीने चोपली आणि पन्हळीकडे उतार दिला. अम्मी खालून अंगणातून सूचना देत होत्या. जिन्यावर चढू नका म्हणून सांगितले होते, तरी शेवटच्या दिवशी त्या वर आल्याच. उताराकडे पाहून म्हणाल्या, "डाव्या बाजूला पाणी थांबेल." मी थकले होते. म्हणाले, नाही थांबणार.

मृगाचा पहिला मोठा पाऊस रात्री आला. आम्ही चौघे जागे होतो. मुलगा टॉर्च घेऊन छताकडे पाहत होता. बराच वेळ काही नाही. मग डाव्या कोपऱ्यात, कोठीच्या वर, एक थेंब पडला. मग दुसरा. अम्मींनी काही न बोलता खाली घमेले सरकवले. मला हसू आले आणि त्यांनाही. कित्येक महिन्यांनी त्या घरात दोघींचे हसणे एकत्र ऐकू आले.

उघडीप झाल्यावर तेवढा उतार दुरुस्त केला. भिंत वर्षभरात कमरेपासून वीतभर उंचीपर्यंत वाळली आहे. खालची ओल जायला अजून एक उन्हाळा लागेल असे चाचा म्हणतात. दीर बकरी ईदला आले तेव्हा भिंतीवर हात फिरवून पाहत राहिले. पाडण्याचा विषय त्यांनी काढला नाही. त्यांची भीती चूक नव्हती. त्या भीतीमुळेच छप्पर हलके झाले, हे मी त्यांना सांगितले.

ज्यांची घरे अशी जुनी आहेत त्यांना एवढेच सांगेन. मातीच्या भिंतीला सिमेंट लावण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. पाडण्याआधी जाणकाराला दाखवा, आणि तो धोका आहे म्हणाला तर ऐका. आणि एखादे काम स्वतःच्या हातांनी करा.

धाब्याचे घर दरवर्षी हात मागते, असे अम्मी म्हणतात. पुढच्या मेमध्ये पुन्हा थोडी खारी माती लागेल, आणि यावेळी जेवढी नवी टाकू तेवढी जुनी आधी खाली आणू. वावराच्या टोकाला ती भरपूर आहे.