पान क्रमांक ११३

वाचलेलं कुठे वाचलं हे माणसाने लक्षात ठेवू नये, अशा मताचा मी आहे. ‘परवाच कुठल्याशा मासिकात आलं होतं’ एवढ्या भांडवलावर मी बँकेत डबा खाताना मधुमेहापासून मंगळापर्यंत वाटेल त्या विषयावर बोललेलो आहे. ‘वर्ष कितवं? अंक कितवा?’ असं एकाही सहकाऱ्याने कधी विचारलं नाही. विचारलं ते सख्ख्या भाचीने.

भाची पीएच.डी. करते. विषय गिरणगाव, म्हणजे आमचंच घर. एका रविवारी ती डिलाईल रोडला आली तेव्हा आईने ट्रंकेतून अण्णांच्या लेखाचं कात्रण काढून तिला दिलं. आमचे अण्णा गिरणीत घडीखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप त्यांच्यापुरता कधी मिटलाच नाही. त्या वर्षी त्यांनी आयुष्यातला एकमेव लेख लिहिला, ‘बिनपगाराची दिवाळी’, आणि तो कुठल्याशा दिवाळी अंकात छापून आला.

“आजोबांचा लेख मी प्रबंधात घेणार!” भाची म्हणाली. आईने पदर डोळ्यांना लावला. मग भाचीने कात्रण उलटसुलट केलं. “मामा, अंक कुठला रे?”

इथे सगळं घोडं पेंड खायला लागलं. अण्णांनी लेख घडीखात्याच्या शिस्तीत, अगदी सरळ रेषेत कापला होता. त्या शिस्तीत मासिकाचं नाव, पानाचा आकडा आणि खुद्द अण्णांचं नाव छाटलं गेलं होतं. मागे मात्र केसांच्या तेलाची जाहिरात अर्धी शाबूत!

“असं नाही चालत,” भाची म्हणाली. “आधी आडनाव, मग नाव. लेखाचं शीर्षक, मासिकाचं नाव तिरप्या ठशात, वर्ष, अंक, महिना, शेवटी पानं.” त्यातही दोन घराणी आहेत म्हणे. एपीएवाले साल नावाला चिकटवतात, एमएलएवाले ते शेवटाकडे ढकलतात. एपीए म्हणजे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांची संघटना. १९२९ साली त्यांनी हे नियम सात पानांत बसवले, आता त्यांचं जाडजूड पुस्तक झालंय. डिलाईल रोडवरच्या गिरणीकामगाराच्या आडनावापुढे स्वल्पविराम द्यावा, हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ सांगणार!

नावांचा घोळ तर विचारूच नका. १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडणारे का. र. मित्र मुळात आजगावकर. त्यांना ‘म’मध्ये शोधायचं की ‘आ’मध्ये? आमच्या रस्त्याचंही तेच. पाटीवर ना. म. जोशी मार्ग, तोंडात डिलाईल रोड.

पण मी कॉमर्सचा पदवीधर. थोड्या वेळाने माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, हे तर व्हाउचर! ज्याला शंका येईल त्याने जाऊन मूळ कागद पाहावा, एवढंच त्यातलं म्हणणं. तारीख नाही, नंबर नाही, नाव नाही, अशा व्हाउचरवर मी सख्ख्या मेव्हण्यालाही पैसे देणार नाही.

बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. असे सहा शनिवार आम्ही वाचनालयं पालथी घातली. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली, आणि आम्हांला एक पान सापडेना! शेवटी भाची म्हणाली, “घराजवळचं राहिलंय.” ते माझ्या मनात होतं, पण तिथे जाणं मी टाळत होतो. लहानपणी अण्णा मला पुस्तक बदलायला त्याच वाचनालयात पाठवत आणि स्वतः समोरच्या फुटपाथवर उभे राहत. आत कधी येत नसत.

तिथल्या कपाटात १९८२ चे दिवाळी अंक बांधून ठेवलेले होते. चौथ्या अंकाच्या अनुक्रमणिकेत सापडलं : ‘बिनपगाराची दिवाळी’, अण्णांचं पूर्ण नाव, पान ११३. भाचीने भराभर पानं उलटली. १११, ११२ आणि एकदम ११५! मध्ये कापलेल्या पानाची बोटभर पट्टी. अगदी सरळ रेषेत कापलेली.

भाचीने फायलीतलं कात्रण काढून पट्टीला लावलं. तंतोतंत बसलं.

“काही लोकांना लाजच नसते,” ग्रंथपाल चष्म्यावरून बघत म्हणाले. मी काहीच बोललो नाही. वाण्याने चुकून जास्त दिलेले चार आणे परत करायला मला पुन्हा तीन जिने उतरायला लावणारे आमचे अण्णा!

घरी आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मग काय करणार? मासिकवाल्यांची प्रत आलीच नाही. विकत घ्यायला पैसे कुठे होते? दुकानात जाऊन दोनदा नुसता हात लावून आले. कापून आणलं त्या रात्री झोपले नाहीत. पुन्हा त्या पायरीवर चढले नाहीत.”

भाचीच्या प्रबंधात आता तळटीप आहे. आडनाव, स्वल्पविराम, नाव, सगळं रीतसर. पुढच्या सुट्टीच्या शनिवारी मी कात्रणाची झेरॉक्स काढली, ती ट्रंकेत ठेवली आणि मूळ पान घेऊन वाचनालयात गेलो. फायलीला मूळ व्हाउचरच लागतं, झेरॉक्स चालत नाही, हे मला बँकेने शिकवलंय.

“कुठे मिळालं हे?” ग्रंथपालांनी विचारलं.

“आमच्या वडिलांकडे,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मला संदर्भ विचारल्याबरोबर पुरा देता आला.

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग रजिस्टर उघडून त्यांनी ‘परत’च्या रकान्यात ‘पान ११३-११४’ असं लिहिलं. ‘उशीर किती दिवस’ हा रकाना मात्र कोरा सोडला.