शून्य ड्रॉप

माझ्या वडिलांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. मी बारा-तेरा वर्षांचा असताना एक गिऱ्हाईक चालू स्कूटर घेऊनच दारात आलं. एका हातात चावी, आणि स्कूटर खाली धडधडतेय. "चावी काढली तरी बंद होत नाही!" वडिलांनी गिअर टाकला, ब्रेक दाबून क्लच सोडला, गाडी आचका देऊन बंद पडली. मग बाजूचं झाकण काढून त्यांनी मला एक तुटकी वायर दाखवली. म्हणाले, "या गाडीला बॅटरी नाही. करंट मॅग्नेटो स्वतःच तयार करतो. चावी फक्त त्याला या वायरीतून बॉडीला अर्थ करून गप्प करते. वायर तुटली, की चावी नुसती शोभेची."

पुढे मी विमानांच्या देखभालीचं लायसन्स काढलं आणि एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेत लागलो. आमच्याकडे दोन आसनी सेसना 152 विमानं होती. त्यांच्या लायकमिंग इंजिनात तोच मॅग्नेटो भेटला, फक्त एकाच्या जागी दोन. चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग, म्हणजे आठ प्लग. एका मॅग्नेटोकडे चार, दुसऱ्याकडे चार. मॅग्नेटोत एक चुंबक इंजिनाबरोबर फिरतो, कॉइलमध्ये वीज तयार होते, नेमक्या क्षणी पॉइंट उघडतात आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. बॅटरी मेली, अल्टरनेटर मेला, तरी इंजिन चालत राहतं. आणि बंद करायची वायर हवेत तुटलीच, तरी ठिणगी थांबत नाही. मुद्दामच तसं केलेलं आहे.

उड्डाणाआधी दोन्ही मॅग्नेटो तपासतात. इंजिन 1700 आरपीएमवर ठेवायचं आणि चावी आधी आर वर न्यायची. म्हणजे डावा मॅग्नेटो बंद, इंजिन एकट्या उजव्यावर. आरपीएम थोडे पडतात, त्याला आम्ही 'ड्रॉप' म्हणतो. मग परत दोन्हीवर आणून एल वर, म्हणजे उजवा बंद. ड्रॉप 125 च्या वर नको आणि दोन्हींतला फरक 50 च्या वर नको.

आमचं निम्मं काम हा ड्रॉप वाचण्याचं. आरपीएम एकदम पडले आणि इंजिन थरथरायला लागलं, तर बहुधा एखादा प्लग किंवा त्याची लीड. विमानाच्या पेट्रोलमध्ये अजून शिसं असतं. जमिनीवर मिश्रण दाट ठेवून इंजिन रेंगाळत ठेवलं, की खालच्या प्लगांत शिशाचे बारीक मणी जमतात. कुठला प्लग ते शोधायला थंड इंजिन त्या एकाच मॅग्नेटोवर मिनिटभर चालवायचं, बंद करायचं आणि चारही एक्झॉस्ट पाइपांचं तापमान बघायचं. जो गार, तो सिलिंडर पेटत नाही. थरथर नाही पण ड्रॉप मोठा, तर टायमिंग किंवा मिश्रण बघायचं. हे सगळं मी नव्या मुलांना हौसेनं शिकवायचो.

त्या आठवड्यात मी एका विमानाचा डावा मॅग्नेटो 500 तासांच्या तपासणीसाठी उतरवून परत बसवला होता. ग्राउंड रन केला, दोन्ही बाजूंचा ड्रॉप व्यवस्थित आला, लॉगबुकात सही केली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक विद्यार्थिनी उतरून हँगरमध्ये आली. "सर, एल वर 50 आणि आर वर शून्य! उजवा मॅग्नेटो एकदम मस्त झालाय." फरक बरोबर 50, म्हणजे कागदावर मर्यादेच्या आत. मी चहा पीत होतो. "छान," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच इंजिन सुरू करण्यासाठी प्रायमर मारला, तेवढ्यात धुक्यामुळे उड्डाण रद्द झालं. चावी काढून तिनं आमच्या हेल्परकडे दिली. विमान आत ओढण्याआधी प्रॉप आडवा करायला म्हणून त्यानं एक पातं हातानं फिरवलं. मॅग्नेटोतल्या इम्पल्स कपलिंगचा 'टक' असा आवाज झाला आणि इंजिन पेटलं. अर्धा फेरा फिरून थांबलं. पातं त्याच्या बोटांना फटका मारून गेलं. दोन बोटं सुजली, मोडली नाहीत. पात्याच्या कक्षेबाहेर उभं राहायची सवय त्याला होती, म्हणून एवढ्यावर निभावलं.

तो पांढराफटक पडला होता. मला म्हणाला, "सर, चावी तर माझ्या खिशात होती."

मी काउलिंग उघडलं. डाव्या मॅग्नेटोच्या अर्थिंगच्या वायरीला हात लावला, तर ती टर्मिनलपासून सुटूनच आली. नट आवळताना मी टर्मिनल धरून ठेवलं नव्हतं. ते नटाबरोबर फिरलं आणि वायर पिळली गेली. माझ्या ग्राउंड रनच्या वेळी दोन-तीन तारा शिल्लक होत्या. नंतर त्याही तुटल्या.

मग कालचं शून्य कळलं. आर वर चावी नेली, की डावा बंद व्हायला हवा. तो बंदच होत नव्हता, इंजिन दोघांवर चालत होतं, म्हणून ड्रॉप नाही. आकडा उजव्याच्या नावावर दिसत होता, तक्रार डाव्याची होती. मी हात लावलेल्या डाव्याची. एका शिकाऊ मुलीनं ती मला तोंडावर सांगितली होती आणि मी छान म्हणालो होतो.

हेल्पर म्हणाला, "मला काही झालं नाही सर, लिहू नका. तुमचं लायसन्स जाईल." एक क्षण मला ते बरं वाटलं, हे कबूल करतो. मग त्याच्या हाताला बर्फ लावून रिपोर्ट लिहायला बसलो. लेखी खुलासा द्यावा लागला, काही आठवडे माझ्या सहीनं विमान सुटलं नाही. लायसन्स राहिलं.

त्या रात्री वडिलांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "ती वायर तुला दाखवली होती."

आता प्रत्येक नव्या बॅचला मी पहिल्यांदा विचारतो, शून्य ड्रॉप आला तर काय? बहुतेक जण म्हणतात, उत्तम. मग मी इंजिन रिकामं चालवून, क्षणभर चावी ऑफ करून ते दबतं का बघायला शिकवतो. शून्य आलं, तर विमान उडवायचं नाही, प्रॉपवर पाटी लावायची आणि कोणीतरी माझ्याकडे यायचं. मी चहा पीत असलो, तरी.