दुखत नसताना

विरारमध्ये दातांचा दवाखाना चालवायचा तर घड्याळ लोकलच्या वेळापत्रकाला बांधावं लागतं. सकाळी येतात त्या घरच्या बायका, आजी-आजोबा, शाळेला दांडी मारलेली पोरं. नोकरदार माणूस उगवतो तो चर्चगेटहून आलेली गाडी रिकामी झाल्यावर, रात्री नऊच्या पुढे, आणि तोही दाढ ठणकायला लागली तरच. गाल हातात धरून पहिलं वाक्य ठरलेलं: "डॉक्टर, काढूनच टाका एकदाची."

ठणका लागलेला असताना डेंटिस्ट निवडता येत नाही. ज्याचं शटर वर, तो आपला. म्हणून निवड करायची ती काहीच दुखत नसताना, साध्या तपासणीच्या निमित्ताने. माझ्या दवाखान्यात असं दुखत नसताना कुणी आलं की मला अजूनही थोडं आश्चर्य वाटतं, आणि मनातून बरंही वाटतं.

पाटीवरची पदवीची अक्षरं आणि भिंतीवरचं महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचं नोंदणीपत्र, एवढं दोन मिनिटांत पाहून होतं. १९४८च्या डेंटिस्ट्स अॅक्टपासून ही नोंदणीची पद्धत आहे. त्याहून जास्त वेळ ट्रेकडे बघण्यात घालवा. हत्यारं बंद पाकिटातून, तुमच्या डोळ्यांसमोर फोडून बाहेर आली पाहिजेत. पाकिटावर एक लहानशी खूण असते. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांच्या वाफेत, दाबाखाली, पंधरा-वीस मिनिटं गेली की तिचा रंग बदलतो. नुसत्या उकळत्या पाण्यात काही जंतूंचे बीजाणू तगून राहतात. "पाकीट दाखवा" म्हणायला लाजू नका. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही, उलट तो उत्साहाने दाखवतो.

मग तो तोंडात काय करतो ते बघा. माझ्या हातात सगळ्यात जास्त असते ती एक बारीक, बोथट टोकाची सळई, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती अलगद सरकवायची आणि दाताभोवती फिरवत न्यायची. तीन मिलिमीटरपर्यंत टेकली तर ठीक. पाच-सहापर्यंत गेली आणि मागे रक्ताचा ठिपका उठला की समजायचं, खाली हाड झिजायला लागलंय. पेशंटला यातलं काही दुखत नाही. हिरड्यांचा आजार असाच मुकाट्याने वाढतो, मधुमेह असेल तर आणखी वेगाने. "दात साफ केले की हलायला लागतात" ही तक्रार आमच्याकडे रोजची. खरं तर दात आधीच सैल झालेले असतात आणि कीटणाच्या थराने धरून ठेवलेले असतात. ज्याने ही सळई फिरवलीच नाही, त्याने फक्त दात मोजले.

तंबाखू, मिश्री, सुपारीबद्दल विचारलं नाही तर तेही लक्षात ठेवा. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, तरी तोंडात उभी तीन बोटं न मावणारी तिशीची माणसं खुर्चीवर बसतातच.

पण माझ्या मते खरी परीक्षा वेगळीच आहे: डॉक्टर थांबायला तयार आहे का? दाताच्या वरच्या कवचापुरतीच असलेली कीड फ्लोराइडने आणि नीट घासण्याने रोखता येते. तिथे लगेच ड्रिल लावायचं नसतं. कोरलेला दात पुन्हा भरून येत नाही, आणि फिलिंग दर वेळी बदलताना आधीपेक्षा मोठंच होतं. "सहा महिन्यांनी पुन्हा बघू" म्हणण्यात त्या दिवशी काही कमाई नाही. ते म्हणणारा डॉक्टर जुना एक्स-रे जपून ठेवतो आणि नवा त्याच्या शेजारी लावून तुम्हाला दाखवतो. तसंच "ही अक्कलदाढ नसेला खेटून आहे, सर्जनकडे जा" असं सांगणाराही या परीक्षेत उतरतो. मोठ्या कामाबद्दल शंका असेल तर दुसरं मत जरूर घ्या. नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३पासून आहे आणि आपली विरार लोकल मुंबई सेंट्रलला थांबते.

दुसरं मत तिकडचं चालेल, नेहमीचा डॉक्टर मात्र घराजवळचा हवा. अंधेरीच्या ऑफिसखालचा दवाखाना सोयीचा वाटतो, पण कॅप निघते ती हमखास रविवारी, बोळिंजमध्ये जेवताना. शिवाय नोकरी बदलली की तो दवाखानाही सुटतो, आणि रूट कॅनाल झालेली दाढ कॅपविना राहते. दुखायचं थांबलेलं असतं ना! मग एक दिवस ती उभी चिरते आणि खरंच काढावी लागते.

मुलांनाही त्याच डॉक्टरकडे न्या. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून आई-बाप तिलाही दुधाचीच समजतात. ती कायमची असते. तिच्या खोल खाचांत आगाशीची सुकेळी चिकटून बसली की किडायला वेळ लागत नाही. त्या खाचा आधीच सील करून घेता येतात.

आणि प्रत्येक भेटीनंतर आपल्या एक्स-रेची प्रत मागून घ्या, घरी फाइलला लावा. उद्या डॉक्टर बदलला तरी नव्याच्या हातात पहिल्यांदा तीच ठेवा.