जुनी डिस्क

नाशिकच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये देवघराशेजारी एक काळा संगणक रात्रंदिवस घरघरत असतो. दूध संकलन केंद्रांचे हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम नवऱ्याने आणि धाकट्या दिराने मिळून लिहिला. त्याचा सगळा कोड बाहेर कुणाकडे न सोपवता त्यांनी घरच्याच गिटलॅबवर ठेवला. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला. आता धंदा ती आणि दीर पाहतात.

डिस्क भरत आली, तेव्हा कोडचे भांडार नव्या मोठ्या डिस्कवर हलवायचे ठरले.

"वहिनी, एवढं काय घाबरता? कोड माझ्या लॅपटॉपवरही आहेच."

ते खरे होते. गिटमध्ये प्रत्येकाच्या प्रतीत कोडचा सगळा इतिहास सोबत येतो. पण केंद्रांच्या तक्रारी आणि त्यांखाली नवऱ्याने लिहिलेली उत्तरे डेटाबेसमध्ये होती, आणि तो एकाच जागी होता.

"कोड आहे हो भावजी. यांच्या नोंदींचं काय?"

"त्याला तर आपण हातही लावणार नाही!"

हात न लावताही जाते, हे तिला नवऱ्यानेच सांगितले होते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री खुद्द गिटलॅब कंपनीतल्या एका इंजिनिअरने एका सर्व्हरऐवजी दुसऱ्यावरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. ऐनवेळी एकही धड कामाची निघाली नाही. नशिबाने सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली. लोकांचा कोड शाबूत राहिला, मधल्या सहा तासांतले लिहिणे-बोलणे मात्र गेले.

तेव्हा तिने आधी पूर्ण बॅकअप घ्यायला लावला. गुप्त किल्ल्यांची फाइल त्यात आपोआप येत नाही, ती वेगळी उतरवली. मग दिराच्या जुन्या संगणकावर तो सगळा संसार उभा करून, नोंदी उघडून पाहिल्या. यात अख्खा शनिवार गेला. दीर कुरकुरला, पण बसला.

रविवारी सर्व्हर बंद करून नक्कल केली, सेटिंगमध्ये नवी जागा लिहिली, सर्व्हर सुरू केला. प्रकल्पांची नावे दिसत होती, आत मात्र काहीच नाही! दिराला घाम फुटला. तासाभराने चूक सापडली: नक्कल करताना फोल्डरच्या नावापुढे एक तिरपी रेघ जास्त पडली होती. रेघ नसेल तर डबा अख्खा जातो. असेल तर आतला ऐवज तेवढा जातो, डबा मागेच राहतो. नक्कल पुन्हा केली, आणि सगळे जागेवर आले.

तिने एक जुनी तक्रार उघडली. खाली नवऱ्याचे उत्तर होते: 'संध्याकाळच्या फॅटचा हिशेब चुकतोय. जेवून बघतो.'

"वहिनी, जुनी डिस्क पुसून टाकू?"

"राहू द्या महिनाभर," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.