भार

कल्याणला आमच्या चाळीशेजारी गणपतीचा कारखाना होता. शाळा सुटली की मी तिथे शाडू मळायला जायचो. साच्यातून मूर्ती सोडवायला शिकलो आणि आपल्याला शिल्पकला आली, असं धरून बसलो. कला महाविद्यालयात गेलो तोही हाच ताठा घेऊन.

पहिल्याच वर्षी उभ्या स्त्रीचं मातीकाम होतं. मी पंधरा दिवस नाक-डोळे आणि दागिने कोरत राहिलो. सरांनी काम पाहिलं आणि म्हणाले, ''ही उभी नाही रे. हिला उभं करून ठेवलंय.'' मग त्यांनी मला ग्रीक पुतळ्याच्या प्लास्टरच्या प्रतीसमोर रेखाटनाला बसवलं. मला राग आला. आपल्या बाईसाठी हा परका नागडा पुरुष कशाला, असं मी तोंडावर विचारलं. आज ते आठवलं की मान खाली जाते.

सर रागावले नाहीत. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात पॉलिक्लायटोसने ब्राँझमध्ये भालाधारी तरुण घडवला, तो त्यांनी समजावून सांगितला. जुने ग्रीक पुतळे दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताठ उभे असत. याचा भार एकाच पायावर आहे, दुसरा सैल. म्हणून भाराच्या बाजूची कंबर वर जाते आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. मूळ पुतळा उरला नाही. रोमन काळातल्या संगमरवरी प्रतींमध्ये पायाशी झाडाचा बुंधा दिसतो, कारण एवढं वजन दगडाच्या घोट्यांना पेलत नाही. ''आता घरी जाऊन बघ,'' सर म्हणाले.

घरी आई नळावर रांगेत होती. कळशी कमरेवर, एक पाय सैल, खांदा कललेला. इतकी वर्षं रोज समोर असलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग सरांनी गणपतराव म्हात्रे यांच्या 'मंदिरपथगामिनी'चं छायाचित्र दाखवलं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी असताना, 1896 च्या सुमारास, म्हात्र्यांनी ती प्लास्टरमध्ये घडवली. तिथले विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांच्या प्रतींवरूनच हात बसवत. लुगड्याच्या चुण्यांमधून अंगाचा तोल दिसावा, ही शिकवण ग्रीकांची. पण देवळाकडे निघालेली ती बाई पुरती आपली. माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या जन्माच्या कितीतरी आधीच देऊन झालं होतं.

तरीही मी अनेकदा चुकलो. काम जमेना, मन खचलं की डोंबिवलीला भाऊ साठे यांच्या शिल्पालयात जाऊन बसायचो. गेटवे ऑफ इंडियासमोरचा 1961 चा अश्वारूढ शिवरायांचा पुतळा भाऊंचा, तेही जे. जे.चेच विद्यार्थी. त्यांच्या शिल्पांसमोर मी चेहऱ्याआधी पाय पाहायला शिकलो. भाऊ 2021 मध्ये गेले. त्यांच्याशी बोलायचं धाडस मला कधी झालं नाही, आभार मानायचे राहून गेले.

आता रविवारी माझ्याकडे काही मुलं शिकायला येतात. मातीला हात लावण्याआधी मी त्यांना उभं करतो आणि विचारतो, ''भार कुठल्या पायावर आहे?'' प्रश्न सरांचा आहे आणि उत्तर आईने दिलेलं. मी मधला निरोप्या.